परदेशी प्रवेशाच्या निकालाची वाट पाहताना: कोणते उत्तर कधी येते आणि तोपर्यंत काय करावे

परदेशातील विद्यापीठात एमए, एमएस किंवा पीएचडीसाठी अर्ज गेला की पुढचे चार ते आठ महिने फक्त वाट पाहण्याचे असतात, असे बहुतेकांना वाटते. घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर झालेले असते. परदेशात शिकलेला नातेवाईक नसतो. मेल का येत नाही, हे विचारायला जवळ कुणी नसते. समाजकार्याच्या निमित्ताने भेटणाऱ्या अर्जदारांची पहिली तक्रार ठरलेली असते: "काहीच कळवत नाहीत."

ही एक प्रतीक्षा नसून तीन प्रतीक्षा आहेत, हे आधी समजून घ्यायला हवे. पहिली विद्यापीठाच्या उत्तराची, दुसरी शिष्यवृत्तीची किंवा कर्जाची, तिसरी व्हिसाची. या तिघांची वेळापत्रके वेगवेगळी आहेत आणि एकमेकांचा विचार करून आखलेली नाहीत. त्यामुळे विद्यापीठाने निवडलेला विद्यार्थीही दोन तारखांच्या फटीत अडकू शकतो. ज्याच्या घरी पैसा आहे तो ही फट स्वतःच्या खिशातून भरतो. आपल्या मुलामुलींकडे ती सोय नसते, म्हणून त्यांना तारखांची माहिती इतरांपेक्षा जास्त असावी लागते.

विद्यापीठाचे उत्तर कधी येते

अमेरिकेत पीएचडीच्या अर्जांची मुदत साधारण डिसेंबरमध्ये संपते आणि उत्तरे जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत येतात. मास्टर्सची उत्तरे बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान मिळतात. १५ एप्रिल ही तारीख लक्षात ठेवा. अमेरिकेतील बरीच विद्यापीठे एका सामाईक ठरावाने बांधलेली आहेत. त्यानुसार आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशावर १५ एप्रिलपूर्वी निर्णय देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. एखाद्या विभागाने मार्चमध्येच "दोन दिवसांत कळवा" असे लिहिले, तर या ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे मुदत मागता येते. साहाय्याविना दिलेल्या प्रवेशाला मात्र हे संरक्षण नाही.

ब्रिटनमध्ये बऱ्याच विद्यापीठांत अर्ज येतील तसे तपासले जातात, त्यामुळे लवकर अर्ज करणाऱ्याला लवकर उत्तर मिळते. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या ठिकाणी ठरावीक मुदती असतात. त्यांच्या मुख्य मुदती डिसेंबर-जानेवारीच्या आसपास असतात आणि उत्तरे साधारण मार्चच्या सुमारास येतात.

जर्मनीत हिवाळी सत्रासाठी अनेक अभ्यासक्रमांची मुदत १५ जुलै असते आणि उत्तर ऑगस्टमध्ये, कधी सप्टेंबरमध्येही येते. सत्र ऑक्टोबरला सुरू होत असल्याने तिथे शेवटची धावपळ मोठी असते. भारतीय अर्जदारांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाच्या उत्तराची वाट न पाहता त्याचा अर्ज आधीच करावा.

उत्तर न येण्याचा अर्थ काय

बहुतेक वेळा काहीच नाही. विभागातील प्राध्यापकांची समिती अर्ज वाचते, मग यादी मध्यवर्ती प्रवेश कार्यालयाकडे जाते, मग पत्र निघते. अनेक विद्यापीठे उत्तरे टप्प्याटप्प्याने पाठवतात. पहिल्या टप्प्यात काहींना होकार जातो, काहींना राखून ठेवले जाते आणि नकार बहुधा शेवटी कळवले जातात. त्यामुळे ग्रॅडकॅफेसारख्या संकेतस्थळावर किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणी "मला मिळाले" असे लिहिले, म्हणजे तुमचे गेले असे होत नाही.

घड्याळाचा हिशेबही समजून घ्या. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी ५ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच वाजलेले असतात. लंडनचे ५ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा किंवा साडेनऊ. रात्रभर मोबाइल हातात धरून बसल्याने मेल लवकर येत नाही, झोप मात्र जाते. दिवसातून एकदा, सकाळी, मेल, स्पॅमचे फोल्डर आणि विद्यापीठाचे पोर्टल पाहा. काही विद्यापीठे फक्त पोर्टलवर निकाल टाकतात आणि त्याचा मेल स्पॅममध्ये जाऊन पडतो.

चौकशीचा मेल कधी करावा? विद्यापीठाने संकेतस्थळावर सांगितलेली मुदत उलटल्यावर, किंवा दुसरीकडे होकार कळवण्याची शेवटची तारीख जवळ आल्यावर. तीन-चार ओळी पुरेत: नाव, अर्ज क्रमांक, अभ्यासक्रम, आणि "अमुक तारखेपर्यंत मला दुसऱ्या विद्यापीठाला उत्तर द्यायचे आहे, तोवर निर्णय कळू शकेल का". असे विचारल्याने अर्जाचे नुकसान होत नाही. दर आठवड्याला मेल केल्याचा फायदाही होत नाही.

पैशाचे उत्तर

आपल्या विद्यार्थ्यांसाठी दोन शासकीय योजना महत्त्वाच्या आहेत. पहिली केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. तिच्यात वर्षाला १२५ जागा असून त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. वयाची मर्यादा ३५ वर्षे आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. क्यूएस क्रमवारीत पहिल्या ५०० मधील संस्थेच्या विनाअट प्रवेशपत्राला या योजनेत निर्णायक महत्त्व आहे.

दुसरी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत चालते. वर्षाला ७५ विद्यार्थी निवडले जातात. क्रमवारी, गुण आणि उत्पन्न यांच्या अटी गेल्या काही वर्षांत बदलत आल्या आहेत, म्हणून गेल्या वर्षी निवडल्या गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. त्या वर्षीची जाहिरात आणि शासन निर्णय स्वतः वाचा.

समाजशास्त्र, इतिहास अशा विषयांच्या अर्जदारांनी आणखी एक गोष्ट तपासावी. केंद्राच्या योजनेच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. जातीचा प्रश्न अभ्यासायला परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यावर याचा थेट परिणाम होतो. या अटीविरुद्ध बोलणे हे चळवळीचे काम आहेच, पण अर्जदाराने सहा महिने वाट पाहून ती अट शेवटी वाचू नये.

यादीत नाव आले म्हणजे पैसे आले, असेही धरू नका. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ उमेदवारांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती पत्रे देण्यात आली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल असे सांगण्यात आले. हा विषय माध्यमांत गाजला. त्यावर्षी ब्रिटनमधील सत्र सुरू व्हायला तेव्हा दोन-अडीच महिने उरले होते.

खुल्या स्पर्धेच्या शिष्यवृत्त्यांमध्ये ब्रिटनची चिव्हनिंग कार्यकर्त्यांना उपयोगी आहे, कारण तिच्यात कामाच्या अनुभवाला आणि नेतृत्वाला वजन आहे. किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतो. अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात, मुलाखती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल आणि निकाल जूनपासून. निवड झाल्यावर जुलैपर्यंत तीनपैकी एका अभ्यासक्रमाचे विनाअट प्रवेशपत्र हातात असावे लागते. म्हणजे शिष्यवृत्तीचा निकाल लागण्याआधीच विद्यापीठाचे अर्ज झालेले हवेत.

बँकेच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागितले जात नाही, त्यापुढे घर किंवा जमीन लागते. वस्तीतील घराची कागदपत्रे अनेकदा स्वच्छ नसतात आणि तिथेच गाडी अडते. म्हणून बँकेत पहिली चकर प्रवेशपत्र आल्यावर नाही, अर्ज पाठवल्यावर लगेच मारा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात परदेशी शिक्षणाच्या कर्जाची चौकशीही याच काळात करून ठेवा.

दोन तारखांमधली फट

सगळ्यात जास्त घालमेल इथे होते. विद्यापीठ म्हणते, मे महिन्याच्या अखेरीस डिपॉझिट भरा, नाहीतर जागा जाईल. शिष्यवृत्तीची यादी तेव्हा लागलेली नसते. डिपॉझिट लाख-दोन लाखांच्या पुढेही असते आणि शिष्यवृत्ती नाही मिळाली तर ते परत मिळेलच असे नसते. दुसरा पेच प्रवेशपत्राचा. शिष्यवृत्तीला विनाअट पत्र हवे असते आणि काही विद्यापीठे पैशाची सोय दाखवल्याशिवाय अट काढत नाहीत.

अशा वेळी चार मार्ग असतात.

१. मुदतवाढ मागणे. शासकीय शिष्यवृत्तीसाठी अर्ज केल्याचा पुरावा जोडून प्रवेश कार्यालयाला लिहा. अनेक विद्यापीठे अशी मुदत वाढवून देतात, पण मुदत संपण्याआधी मागितली तरच.

२. डिपॉझिटमधून सूट मागणे. प्रायोजित विद्यार्थ्यांसाठी काही विद्यापीठांचे वेगळे नियम असतात. ते पत्रात ठळकपणे सांगितलेले नसतात, विचारावे लागतात.

३. परताव्याचा नियम लेखी घेणे. शिष्यवृत्ती किंवा व्हिसा नाकारला गेल्यास डिपॉझिट परत मिळेल का, हे मेलवर विचारा. फोनवरच्या आश्वासनावर घरचे दागिने गहाण ठेवू नका.

४. प्रवेश पुढच्या वर्षावर नेणे. याला डिफरल म्हणतात. मात्र शिष्यवृत्तीच्या नियमांत पुढच्या वर्षीचे पत्र चालते का, हे आधी पाहा.

चौथ्या मार्गाला आपल्याकडे कमीपणाचे मानतात. "एक वर्ष वाया गेले" असे लगेच म्हटले जाते. त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या तारखा पाहाव्यात. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. निघण्याआधी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडचे कर्ज त्यात मिळवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एमएस्सी, १९२३ मध्ये डीएस्सी. मधली तीन वर्षे पैशाअभावी गेली, तरी जागा हातची गेली नाही, कारण परवानगी आधी घेतलेली होती. आज आपल्या हातात तेच आहे: पैसा नसेल तर निदान जागेचा हक्क कागदावर टिकवून ठेवणे.

व्हिसाची प्रतीक्षा

ब्रिटनसाठी विद्यापीठाकडून कॅस क्रमांक मिळाल्यावर व्हिसाचा अर्ज करता येतो. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिन्यांच्या आतच अर्ज घेतला जातो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. भारतातून अर्ज करणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. बँकेतील रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. खाते अर्जदाराचे किंवा आईवडिलांचे हवे, मामाच्या किंवा थोरल्या भावाच्या खात्यातील पैसे चालत नाहीत. नातेवाइकांकडून शेवटच्या आठवड्यात गोळा केलेली रक्कम इथेच निकामी ठरते. शासनाची पूर्ण शिष्यवृत्ती असेल तर त्या पत्रावर काम होते. आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीसाठी एकदम भरावा लागतो. शिष्यवृत्तीत तो धरला आहे का, हे विचारून घ्या.

अमेरिकेसाठी विद्यापीठ आय-ट्वेंटी देते, मग ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क आणि व्हिसाचे शुल्क भरून मुलाखतीची तारीख घ्यावी लागते. २०२५ मध्ये २७ मेपासून १८ जूनपर्यंत विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे थांबवले गेले होते. त्यानंतर अर्जदारांनी आपली समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवावीत, अशी सूचना आली. चळवळीत सक्रिय असलेल्यांनी याचा शांतपणे विचार करावा. आपण काय लिहिले आहे हे आपल्याला माहीत असावे आणि मुलाखतीत विचारले तर सरळ उत्तर देता यावे. अर्जात खाते लपवणे हा मात्र धोका आहे, कारण चुकीची माहिती दिल्याचा शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जावर राहतो.

जर्मनीच्या व्हिसासाठी बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. सरकारी विद्यापीठांत बहुतांश ठिकाणी शिक्षण शुल्क नसले, तरी ही रक्कम लागतेच. "जर्मनीत फुकट आहे" एवढेच ऐकून निघालेले अनेकजण इथे थबकतात.

वाट पाहताना करायची कामे

- पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. पत्ता बदललेला असेल तर पोलीस पडताळणीत वेळ जातो.
- जात प्रमाणपत्र आणि जात वैधता पाहून घ्या. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जाती सवलती लागू आहेत, पण केंद्राच्या योजनेसाठी केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. राज्याचा दाखला आहे म्हणून निर्धास्त राहू नका.
- उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर नव्या आर्थिक वर्षाचा लागू शकतो. तहसील कार्यालयातील गर्दी जूनमध्ये वाढते, त्याआधी काम उरका.
- विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट आणि पदवी प्रमाणपत्र काढून ठेवा. नावाचे स्पेलिंग मार्कशीट, आधार आणि पासपोर्टवर एकच आहे का, हे तपासा.
- शिफारसपत्र देणाऱ्या सरांना, मॅडमना निकाल कळवा, नकार आला तरी. पुढच्या वर्षी त्यांच्याकडेच जायचे आहे.
- देशातील पर्याय सोडू नका. सीयूईटी पीजी आणि नेटचे अर्ज याच काळात असतात. ती परीक्षा देणे म्हणजे परदेशाचे स्वप्न सोडणे नव्हे.

प्रतीक्षायादी आणि नकार

वेटलिस्टवर असाल तर "मी अजून इच्छुक आहे" असे एकदा लेखी कळवा. मध्ये नवीन काही घडले असेल, जसे अंतिम निकाल किंवा प्रसिद्ध झालेला लेख, तर तेही जोडा. ज्यांना दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे त्यांनी नको असलेली जागा लवकर सोडावी. ती जागा आणि तिच्यासोबतचे साहाय्य यादीतील पुढच्या विद्यार्थ्याला जाऊ शकते.

नकाराचे कारण बहुतेक विद्यापीठे सांगत नाहीत. मार्गदर्शक रजेवर असणे, त्या वर्षी निधी कमी असणे, जागा मोजक्याच असणे, अशी अर्जदाराला न दिसणारी कारणेही असतात. म्हणून एका नकारावरून स्वतःची लायकी ठरवू नका. लायकी हा शब्द आपल्या समाजाला पिढ्यानपिढ्या ऐकवला गेला आहे. तो आता मेल वाचून स्वतःच स्वतःला ऐकवण्याचे कारण नाही.

ताण आणि घर

या काळात झोप उडणे, चिडचिड होणे, लोकांत जाणे टाळणे हे अनेकांना होते. घरच्यांना तीन प्रतीक्षांचे वेळापत्रक एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. आईवडिलांना पुढची तारीख कधी आहे हे कळले की रोजचा "काय झालं?" हा प्रश्न कमी होतो. त्यांची काळजीही तुमच्याइतकीच आहे, फक्त त्यांना पोर्टल दिसत नाही. ताण आवरत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही मराठीत बोलता येते. मित्र असा दिसला तर त्याला एकटे सोडू नका.

कार्यकर्त्यांसाठी

ऑफर लेटर आले की चौकात फ्लेक्स लागतो, विहारात सत्कार होतो. भावना चांगली असते. पण त्या वेळी पैसा आणि व्हिसा दोन्ही बाकी असतात. पुढे काही अडले तर तो फ्लेक्स त्या मुलाच्या किंवा मुलीच्या मानेवर बसतो आणि वस्तीत तोंड दाखवणे कठीण होते. सत्कार विमानाच्या तिकिटानंतर करा.

त्याआधी त्यांना वेगळ्या मदतीची गरज असते. डिपॉझिटच्या रकमेचा एक फिरता निधी प्रत्येक तालुक्यात उभा राहू शकतो. शिष्यवृत्ती मिळाल्यावर विद्यार्थी ती रक्कम परत करेल आणि पुढच्याला ती वापरता येईल. समाजकल्याण कार्यालयात, तहसीलमध्ये, बँकेत सोबत जाणारा एक माणूस द्या. परदेशात शिकून आलेल्यांचे क्रमांक गोळा करा आणि जानेवारी ते ऑगस्ट या महिन्यांत त्यांच्यापैकी एकजण दर रविवारी विहारात किंवा ऑनलाइन तासभर बसेल अशी सोय करा. शिष्यवृत्तीच्या याद्या सत्र सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी लागल्या पाहिजेत, ही मागणी आमदार-खासदारांकडे लेखी न्या. तारखांची फट अर्जदार एकटा बुजवू शकत नाही. ती शासनाने बुजवायची आहे, आणि तोपर्यंत आपण मध्ये उभे राहायचे आहे.